आढळते की आढळत होती?

मरताना माझ्या ताईला एक मेलेली मधमाशी हवी होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

वृंदाताई इथे कोलकात्यात कॉलेजला झूऑलॉजी शिकवायची. रिटायर झाल्यावर घरात टिकेचना. बराकपूरला एका पडीक आवारात तिला एक दुर्मीळ वेल सापडली. आणि फक्त त्याच वेलीच्या फुलांवर येणारी, तांदळाच्या दाण्याएवढी काळी मधमाशी.

"मिलिंद, ही अजून कुणालाच माहीत नाही रे!"

पण नवी जात म्हणून पक्कं करायला नर हवा होता. तिच्याकडे सगळ्या माद्या.
वेल पुन्हा फुलली तेव्हा ताई हॉस्पिटलमध्ये, ऑक्सिजनवर.

"तू जा."

"ताई, मी मधमाशी दिसली की पळतो."

"नराला डंख नसतो. तोंड पिवळट असतं त्याचं. एकच आण, थोड्याच उरल्यात."

सेक्टर फाइव्हच्या ऑफिसला दांडी मारून गेलो.
आवारात जेसीबी. अर्धी वेल उपटलेली.

कॉन्ट्रॅक्टरला म्हटलं, एका मधमाशीसाठी जरा थांबा. तो हसायला लागला.
म्हटलं, "आमार दिदी हॉस्पिटाले."
हसणं थांबलं. त्याने माणसांना चहाला पाठवलं.

नर मिळाला. बाटलीतच मारला.

ताईने भिंगातून पाहिलं. "हाच!"
आणि लगेच, "वेल किती उरलीय?"

"अर्धी."

"मग इथे काय बसलायस? मुळासकट घेऊन ये. पळ!"

पळालो.
पोचलो तेव्हा जमीन सपाट झाली होती. कॉन्ट्रॅक्टरने सिमेंटच्या घमेल्यात एक मुळी मातीसकट काढून ठेवली होती.
ती उचलली आणि फोन वाजला.

ताई गेली होती.

ताईचे नमुने मी तज्ज्ञांकडे पाठवले होते, गेल्या महिन्यात त्यांचा मेल आला. जात नवीच आहे. नावात वृंदा असेल.
शेवटी एक प्रश्न: "त्या जागी ही मधमाशी आढळते लिहायचं की आढळत होती?"

अजून उत्तर दिलेलं नाही.

बेहालाला माझ्या घराच्या गच्चीवर कुंडीत वेल फुललीय. तिच्यावर कुणी येत नाही.
म्हणून दर रविवारी कुंडी मांडीवर घेऊन ट्रेनने बराकपूरला जातो. त्या नव्या बिल्डिंगच्या आसपास, तळ्याकाठी, जिथे म्हणून मोकळी माती दिसेल तिथे कुंडी ठेवतो आणि उभा राहतो. लोक विचारतात, विकायला आणलीय का?

आजही निघालोय.

ताई, तू आता स्वस्थ राहा.
मला काही बसवत नाही.