एकदाच बसलो

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर नव्वदी ओलांडलेले एक चिनी आजोबा होते. खुब्याचं हाड मोडलेलं, तरी वॉकर धरून रोज कॉरिडॉरमध्ये निघायचे. तोडक्यामोडक्या इंग्रजीत मला सांगायचे, "हे दार म्हणजे नदी. आमची तुकडी रात्री बर्फावरून कोरियात उतरली. ते चादरींचं कपाट म्हणजे डोंगर." खिडकीपाशी थांबायचे. "इथे अमेरिकनांनी पकडलं."

"छान चाललात, आता बसा," फिजिओ खुर्ची सरकवत म्हणाली.

"अख्ख्या लढाईत एकदाच बसलो," आजोबा म्हणाले. "तेव्हाच सापडलो."

वॉकर वळवून ते परत नदीकडे निघाले.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि मी खुर्ची सोडली नव्हती. मुकाट्याने उठलो.