‘बरं वाटलं का?’

सरकारी दवाखान्यातून घरी निघालेल्या रुग्णांना ‘उपचारानं बरं वाटलं का?’ असं विचारून कागद भरून घेणं माझं काम. रिठदच्या एका बाईंनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, मागची कोरी बाजूही तपासली आणि अंगठा पदरात लपवला. मोडलेल्या मनगटाचं प्लास्टर त्यांचं नुकतंच काढलं होतं.

“कायले पाह्यजे अंगठा?”

“काकू, हात बरा झाला, एवढंच लिहायचंय.”

“कोनं पाह्यलं बरा झाला म्हनून? घरी भाकर थापून पाह्यतो, मंग सांगतो.”

मागे रांग खोळंबली होती. वैतागून मीच ‘हो’वर खूण केली. त्यांनी ते पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या. बोटं मिटत नव्हती.

“तुमच्या कागदात बरा हाय न हा?”

मी खाली मान घालून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. व्यायाम सुरू झाले, महिन्याभरात मूठ वळली. माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर मात्र तशीच राहिली.

आता माझाच माझ्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांवर विश्वास उरला नव्हता. एकेका रुग्णाला मी फोन लावू लागलो. पहिल्यालाच विचारलं, “घरी गेल्यापासून तब्येत कशी आहे?”

पलीकडून दबका आवाज आला, “काहून इचारून राह्यले साहेब?”