उम्म यूसुफ यांच्या गाठी

१४ जानेवारी २००३, अबू हमूर. उम्म यूसुफ यांना दिलेली रक्कम पाचशे चौसष्ट रियाल. हजर तिघे: त्या स्वतः, आमचे ड्रायव्हर सलीमभाई आणि मी. द्यायचे होते नऊशे. तीनशे छत्तीस मी कापले.

तेव्हा मी दोह्यातल्या एका कापड दुकानाचे हिशेब आणि खरेदी पाहत होतो. आम्ही पॅलेस्टिनी कुफिया विकायचो, काळ्या जाळीच्या विणीचे मोठे पांढरे रुमाल. त्यांच्या मोकळ्या दशांना पीळ घालून गाठी मारायचं काम उम्म यूसुफ दोह्यातच, अबू हमूर भागातल्या आपल्या घरी करत. नगाला तीन रियाल. त्या स्वतः पॅलेस्टिनी, साठीच्या पुढच्या. भिंतीला पाठ टेकून बसत, शेजारी चहाच्या पेल्यात साधं पाणी. बोटं बुडवायची, दशा ओल्या करायच्या, पीळ, गाठ. नवा गठ्ठा आला की आधी एक दशा ओठांत धरून पाहत. "सूत पाणी प्यालं की गाठ धरतं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

त्यांचं अरबी रत्नागिरीचे सलीमभाई मला मराठीत सांगत, चेष्टेसकट. मी प्रत्येक गठ्ठा दोनदा मोजायचो. त्यावर त्या एकदा म्हणाल्या, "या मुहासिब, बायकोला साखरही मोजून देतोस का?" 'या' ही अरबी हाक, मुहासिब म्हणजे हिशेबनीस. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

"खाला, साखर नाय, साखरेचं दाणं मोजतात," सलीमभाईंनी मला ऐकवलं आणि मग तेच त्यांना अरबीत सांगितलं. ते त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. दोघं बराच वेळ हसली.

त्या डिसेंबरात मी कापड बदललं. निव्वळ सुताऐवजी पॉलिएस्टर मिसळलेलं घेतलं. नगामागे पाच रियाल स्वस्त, म्हणजे तीनशे नगांवर दीड हजार वाचले. मालक खूश झाले. उम्म यूसुफ यांनी दशा ओठांत धरली आणि थांबल्या.

"हे पाणी पीत नाही. सूतच आहे ना?"

"सूतच आहे," मी म्हणालो. बिलावरचं पासष्ट टक्के पॉलिएस्टर मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं.

दुकानात घड्या उलगडल्या तेव्हा एकशे बारा कुफियांच्या गाठी सुटलेल्या निघाल्या. त्या घेऊन मी चौदा तारखेला अबू हमूरला गेलो आणि काम कच्चं झालं म्हणून तेवढ्या नगांचे पैसे कापले. उम्म यूसुफ यांनी वाद घातला नाही. एक दशा तोडली आणि शेगडीच्या ज्योतीवर धरली. सूत असतं तर राख झाली असती. ती आक्रसली, टोकाला काळा कडक मणी झाला. निवल्यावर त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"हे सूत?"

मी पावती पुढे केली. "इथे सही," एवढंच म्हणालो.

त्यांनी सही केली. "गठ्ठा ठेवून जा," म्हणाल्या. "माझी गाठ कुणाच्या खांद्यावर सुटायला नको." आठवड्याभरात त्यांनी एकशे बाराही कुफिया पुन्हा बांधून दिल्या, प्रत्येक गाठ तिहेरी. एकही सुटली नाही. त्यानंतर आमचं काम त्यांनी कधी घेतलं नाही.

त्या चौदा तारखेला परतताना गाडीत सलीमभाई म्हणाले होते, "साहेब, कापड तुमी बदललंत नि पैसं तिचं कापताव?"

मी एसी वाढवला होता.

चार वर्षांनी सलीमभाईंनीच सांगितलं, खाला कायमच्या मुलाकडे अम्मानला चालल्या आहेत. मी पाकिटात तीनशे छत्तीस रियाल घातले आणि सलीमभाईंबरोबर अबू हमूरला गेलो. खोलीत बांधाबांध चालू होती. उम्म यूसुफ यांनी बोट ओलं करून नोटा मोजल्या.

"मुहासिब, अर्धाच हिशेब आणलास. त्या एकशे बारा मी दोनदा बांधल्या."

चार वर्षं तो आकडा माझ्या डोक्यात होता, आणि ही बाब मला सुचली नव्हती.

"आणि पैशांआधी तोंडाने बोल. त्या दिवशी सलीम इथेच होता. त्याच्यासमोर बोल."

मी खाली सतरंजीकडे बघत बोललो. "कापड सुती नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. गाठी चांगल्या होत्या." सलीमभाईंनी माझ्याकडे न पाहता ते अरबीत सांगितलं.

"खलास," उम्म यूसुफ म्हणाल्या आणि पावतीसाठी हात पुढे केला.

२२ मार्च २००७. दिलेली रक्कम सहाशे बहात्तर रियाल. पैकी तीनशे छत्तीस सलीमभाईंकडून हातउसने. घेणार उम्म यूसुफ. हजर तेच तिघे.