घड्याळबाईंची चार घरं

वसतिगृहातल्या मुलींनी आपल्या रेक्टरबाईंना ठेवलेलं घड्याळबाई हे नाव सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतरही पुसलं गेलं नाही. इमारतीला चार मजले होते आणि बाईंची फेरी रोज एकाच मजल्यावर. दुसऱ्याची पाळी असताना तिसऱ्यावरून कुणी हाक मारली, तर त्या शांतपणे सांगत, "उद्या तुमचाच दिवस आहे." कुणाला झुकतं माप मिळू नये, एवढाच हेतू.

निवृत्तीनंतर घर खायला उठलं. विद्यापीठात शिकायला दूर निघालेल्या नातीने जाण्यापूर्वी आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर मांडला आणि पडद्यावरची माणसं सांभाळण्याचा एक खेळ शिकवला. तिने चार घरांत अकरा विद्यार्थी वसवले. दुसऱ्या घरातल्या निळ्या खोलीत तर हुबेहूब स्वतःसारखी मुलगी बसवली.

"आजी, तू ज्या घरात असशील तिथलीच मुलं अभ्यास करतात. बाकीची वर्गात जातात, पण निबंध लिहीत नाहीत."

"म्हणजे अगदी खऱ्यासारखीच," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच दिवशी वही आखली. प्रत्येक घराला खेळातला एकेक आठवडा, मग पुढचं घर. नातीच्या फोनलाही वेळ ठरली, रविवारी सकाळी अकरा.

एका बुधवारी दुपारीच फोन वाजला. बाई तिसऱ्या घरात गुंतल्या होत्या. तिथल्या एका मुलाची परीक्षा तोंडावर आली होती. आज कसा काय, सगळं ठीक ना, असं त्यांनी विचारलं. सहजच केला, असं नात म्हणाली. मग रविवारी निवांत बोलू, असं सांगून बाईंनी फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी दुसऱ्या घराची पाळी आली. निळ्या खोलीतली मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती. तीन निबंध राहिलेले, आणि नाव कमी करण्याची विद्यापीठाची ताकीद. बाईंनी वही पाहिली. सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. कुठेच चूक नव्हती.

मग त्यांना तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी आठवली. जिन्यात उभी राहून तीही सहजच आले म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी बाई तिच्या खोलीत गेल्या, तेव्हा गादी गुंडाळलेली होती. शिक्षण सोडून ती घरी निघून गेली होती. बाईंनी रजिस्टरात तिच्या नावापुढे 'गेली' असं लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात.

त्यांनी फोन लावला.

"आजी? आज शुक्रवार आहे."

"माहीत आहे. बुधवारी काय सांगायचं होतं?"

"काही नाही गं."

"मला घाई नाही."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. तो बंद झाला.

"तीन आठवडे मी वर्गात गेले नाहीये," नात म्हणाली. "कुणाला कळलंसुद्धा नाही."

बाईंच्या ओठांवर चार प्रश्न आले. त्यांनी ते गिळले.

"जेवलीस?"

"नाही."

"मग आधी जेव. फोन ठेवू नकोस. मी इथेच आहे."

कपाट उघडल्याचा, मग ताटलीचा आवाज आला. खेळ थांबवायचा राहून गेला होता. पडद्यावर एकामागून एक दिवस मावळत होते आणि वहीतल्या चौकटी कोऱ्या राहत होत्या. बाईंनी खुर्ची खिडकीकडे वळवली.

"आजी, आहेस ना?"

"आहे. जेव सावकाश."