उड्डाणपुलावर पाठीला लागलेला हात

मला भूतबित, दृष्टबिष्ट काही लागत नाही. परभणीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, आणि लोक ज्याला 'बाहेरची बाधा' म्हणतात ती बहुतेक वेळा माझ्या मशीनमधून कमी हिमोग्लोबिन होऊन बाहेर पडते. या सदरातले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून, सकाळच्या चहाबरोबर. खोटं कशाला बोलू — लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात हसतेसुद्धा. आता हसायची पाळी तुमची...

आधी माझ्या येण्या-जाण्याचं सांगते, कारण जे झालं ते तिथंच झालं. मी लॅबला सायकलने जाते. वय पन्नाशीचं, साडी नाही, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, कॅरिअरला डबा. परभणीत या वयाची बाई सायकलवर दिसली की लोकांना दोनच कारणं सुचतात — एक तर हिची गाडी बिघडलीय, नाही तर डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. मला सायकल आवडते, हे तिसरं कारण कोणाच्या डोक्यातच येत नाही. रिक्षावाले ओळखीचे झालेत. एक जण रोज म्हणतो, "मॅडम, बसा की, सायकल टपावर टाकतो."

सगळा रस्ता सपाट आहे, फक्त रेल्वेचा उड्डाणपूल सोडून. सकाळी जाताना मी पश्चिमेकडे जाते, म्हणजे सूर्य पाठीशी आणि माझी सावली लांबच लांब पुढे रस्त्यावर. ज्येष्ठात तो पश्चिमेचा वारा सुटला की पुलाच्या चढावर असा तोंडावर येतो की पायडल मारूनही माणूस जागच्या जागी. मी तिथं बहुतेक वेळा उतरते आणि सायकल हाताने लोटत नेते.

आता शकूचं. शकुंतला माझी बालमैत्रीण. आमचं गाव ताडकळसपासून थोडं आत, आणि आठवीपासूनची शाळा ताडकळसला. गावात सायकल चालवणाऱ्या मुली आम्ही दोघीच — तिच्याकडे तिच्या वडिलांची, माझ्याकडे भावाची, दोन्ही मधल्या दांडीच्या. जाताना वारा कायम समोरून. मी किडकिडीत, लगेच मागं पडायचे. मग शकू माझ्या उजव्या अंगाला यायची, डावा हात माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, पंजा सपाट ठेवून — आणि ढकलत न्यायची. त्याचा आमचा एक कायदा होता : ढकलणारीकडे बघायचं नाही. बघितलं की मान वळते, मानेबरोबर हँडल वळतं आणि दोघी चिखलात. हे एकदा झालंही होतं. त्यामुळे पाठीला हात लागला की नजर समोर, ही सवय मला हाडात बसलेली.

शकू लग्न करून पालमला गेली. भाऊजींचं कापडाचं दुकान, एक मुलगा, मनीषा नावाची गुणी सून. सगळं चांगलं चाललेलं, आणि यंदा होळीनंतर ती गच्चीच्या जिन्यावरून पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नीट झालंय, आता पाय हलवायचे, व्यायाम करायचा. नाही केला तर पाय आखडतील आणि मग खाट सुटणं अवघड. आणि शकू काही करेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मनीषाने पायाला हात लावला की ओरडायची. जी बाई मला शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याच्या चढावरून ढकलून न्यायची, तिला कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागत होता. बघवत नव्हतं मला.

मी रविवारी एसटीने पालमला जायचे. अशाच एका रविवारी माझा तोल गेला. मी तिला लॅबवाल्या आवाजात सुनावलं — स्नायू असे सुकतात, रक्ताच्या गुठळ्या अशा होतात, सगळं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "झालं तुजं? तू सायकलवर उंडारायलीस, तुला काय जातंय बोलायला. माजे पाय हायेत का न्हाईत तेच मला कळंना. जाय तू. परत येऊ नको."

मी रागारागात निघाले. एसटीत गंगाखेड येईपर्यंत रडले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळची वेळ. ऊन चांगलं वर आलेलं, वारा जोरात. पुलाचा चढ सुरू झाला, थोडं गेले, दम लागला. आता उतरावं म्हणून ब्रेककडे बोटं नेली... आणि पाठीला हात लागला.

मी अतिशय विचार करून लिहितेय. भास, झुळूक, ओढणी असलं काही नाही. दोन खांद्यांच्या मध्ये, सपाट पंजा, आणि ऊब. सायकल पुढे निघाली. पायडल एकदम हलकं झालं. आणि मी मागं वळून बघितलं नाही. भीतीने नव्हे हो — सवयीने! पाठीला हात, म्हणजे नजर समोर. समोर रस्त्यावर माझी सावली होती, आणि तिच्या उजव्या बाजूला, जराशी मागे, दुसरी सावली. दुसरी सायकल. चाकं फिरताना दिसत होती. त्या सावलीतून एक हात निघून माझ्या सावलीच्या पाठीला टेकलेला होता.

एक मोटारसायकल हॉर्न वाजवत उजवीकडून गेली — त्या सावलीवरून, सरळ आरपार. सावली हललीसुद्धा नाही.

पुलाच्या माथ्यावर पाठीवरचा हात निघाला. तेव्हा मी पाय टेकवून मागं पाहिलं. मागं एक ऊस भरलेला ट्रॅक्टर... नाही, ऊस नाही, उसाचा मोसम संपला होता, कडब्याचा ट्रॅक्टर, तोही लांब. बाकी कोणी नाही. रस्त्यावर माझी एकटीची सावली.

शास्त्र विसरले नव्हते मी. जवळच्या नव्या इमारतीला काचा आहेत, त्यावरून ऊन परतून दुसरी सावली पडू शकते हे मला माहीत आहे. पण ती माझीच पडेल ना? माझे दोन्ही हात हँडलवर होते.

आणि मग जो विचार आला तो तुमच्यापैकी प्रत्येकाला आला असता. शकू गेली. आपल्याकडे असंच ऐकलंय ना आपण — माणूस जाताना जीव लावलेल्या माणसाला भेटून जातं. मी तिथंच पुलावर उभी राहून तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मनीषाला लावला, तोही उचलेना. ती तसं कधी करत नाही. 'परत येऊ नको' हे शकूचं शेवटचं बोलणं ठरलं, असं डोक्यात आलं.

लॅबला कळवलं, सायकल एसटी स्टँडजवळच्या ओळखीच्या दुकानात टाकली आणि पालमची गाडी धरली. तो प्रवास कसा झाला ते सांगता येणार नाही. शेजारच्या मावशीने आपणहून पाणी दिलं.

शकूच्या घरापाशी पोचले तर दारात चपलाच चपला. बायकांच्या. आत बरीच माणसं असल्याची कुजबुज. संपलं, म्हटलं. मी उंबऱ्यातच बसले आणि हंबरडा फोडला, "शके, मला टाकून गेलीस गं..."

आतून पाच-सहा बायका धावत आल्या. सगळ्यांचे हात पिठाने भरलेले. मनीषा पुढे, तिच्या हातात लाटणं. उन्हाळ्याचे पापड करायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. दोघींचे फोन कपाटावर चार्जिंगला, लाटण्यांच्या आवाजात कोणाला ऐकू गेले नव्हते.

"मावशी, काय झालं ओ? कोण गेलं?" मनीषाचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ओळखीचा करडा आवाज आला, "कोण रडायलंय गं तिकडं? वंदीचा आवाज हाय का? आत पाठव तिला."

मी आत गेले. शकू खाटेवर उताणी, चेहरा घामाने निथळलेला, आणि दोन्ही पाय... हलत होते. जेमतेम. टाचा गादीवर घासत, एकदा हा गुडघा वर, एकदा तो. मध्येच थांबत, दात-ओठ खात, परत.

"बघायलीस काय अशी? रडायलीस कामून?"

"तू... काय करायलीस तू हे?"

"सायकल चालवायले," शकू म्हणाली. "त्या व्यायामवाल्या बाईनं मनीषाला फोनवर शिकवलं हाय. पडल्या पडल्या पायडल मारल्यासारकं करायचं म्हणे. तू त्या दिवशी बोलून गेलीस, लय राग आला मला. म्हणलं हिला दाखवतेच. आज सकाळी पयल्यांदा केलं. पण नुस्ते पाय हलवायचे म्हणजे जीव कटाळून जातो, मग मी शाळंची वाट धरली."

"शाळेची?"

"हौ, आपली ताडकळसची. डोळे मिटले आन् निगाले. वारा लय व्हता बग. तू न्हेमीसारकी मागं पडलीस. मग काय, लावला हात, ढकलत नेलं तुला चढावर." ती दम घेऊन म्हणाली, "तुज्या नादानं माजे पाय फिरले. एकटीला जमत नव्हतं."

मी खाटेवर तिच्या पायाशी बसले. किती वाजता केलंस, हे विचारायला तोंड उघडलं तर मनीषाच म्हणाली, "सकाळी पिठाचा उंडा मळून बायकांना लाटायला दिला आणि बसले यांच्याजवळ, आठच्या आत-बाहेर असेल." मी पुलावर तेव्हाच होते. मग मी सगळं सांगितलं. दारातल्या बायकांनी लगेच हात जोडले, एकीने पोखर्णीच्या नृसिंहाला नारळ बोलून टाकला. शकू मात्र हसत सुटली. ऑपरेशननंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "मी मेले म्हणून पळत आलीस व्हय? मग आता पापड लाट थोडे."

लाटले मी पापड. आणि येताना घेऊनही आले.

त्यानंतर तो हात पुन्हा लागला. रोज नाही, पण बऱ्याच वेळा. मी तपासून पाहिलं, तो माझा धंदाच आहे. लॅबला पोचले की शकूला फोन करायचा, पण आधी मी सांगायचं — आज हात होता की नव्हता — आणि मग तिने सांगायचं, व्यायाम केला की नाही. बहुतेक वेळा जुळलं. काही वेळा नाही जुळलं, हेही लिहिलं पाहिजे. तिने केला आणि मला काहीच जाणवलं नाही, असंही झालं. पण ज्या सकाळी हात लागला, त्या सकाळी ती खाटेवर पायडल मारत नव्हती असं मात्र कधीच झालं नाही. दिवसेंदिवस तिचे गुडघे वर यायला लागले, आणि पुलावर मला जोर जास्त लागायला लागला. एकदा तर तिने माथ्यापलीकडेही सोडलं नाही. मी ओरडले, "बास शके, उतार आला!" बाजूचा स्कूटरवाला दचकला.

मग तिला उभं करायचा दिवस ठरला. वॉकर आणलेला. शकू आदल्या दिवशी फोनवर पहिल्यांदा म्हणाली की मला भ्या वाटायलंय. पडले तर पुन्हा खाटच, असं ती मनात धरून बसली होती. मी म्हटलं, मी येते. तर म्हणाली, "नको. तू समोर आसलीस की मला रडू येतं. तू आपली लॅबला जाय."

सकाळी पुलावर हात नव्हता. साहजिकच, तिचं आज दुसरं काम होतं. पण मला राहवेना. मी चढावर डावा हात हँडलवरून काढला आणि कठड्याच्या बाजूला, जिथे तिची पाठ असती तिथे लांब केला. पंजा सपाट. एका हाताने हँडल सांभाळत, वाऱ्यात डगमगत, धापा टाकत मी रिकाम्या हवेला ढकलत होते. रस्त्यावर माझी एकच सावली, हात पसरलेली. लोक बघत होते. बघू देत. माथा आला तेव्हा खांदा भरून आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तसाच फोन लावला.

"उभी राहिले," शकू म्हणाली. "वंदे, उभी राहिले मी. चार पावलं टाकली."

"पाठीला हात लागला का गं तुझ्या?"

"लागला की."

माझ्या अंगावर काटा आला.

"मनीषाचा व्हता," ती म्हणाली. "पडू नाई म्हणून तिनं मागून धरलं व्हतं."

आम्ही दोघी किती वेळ हसत होतो कोण जाणे. लॅबला उशीर झाला.

त्यानंतर पाठीला हात लागला नाही. मी खूप विचार केला, वाचलं, डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, मनावर ताण होता तुमच्या. असेल. पण ताणाने चढावर सायकल ढकलली जात नाही. मला याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा. एकच सांगते — असल्या गोष्टी आपण नेहमी मेलेल्या माणसांच्याच ऐकत आलो, म्हणून त्या सकाळी मी इतकी घाबरले. जिवंत माणूस अंथरुणातून एवढा जोर लावू शकतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या रविवारी पालमला गेले. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हाच दिसली. वॉकर बाजूला भिंतीला टेकवलेला होता, आणि शकू चौकटीला एक हात लावून दारात उभी होती, माझी वाट बघत.