एक पाऊल मागं

त्या दुष्काळात माझी श्रद्धा आमच्या गल्लीतल्या हापशासारखी झाली होती: दांडा हलायचा, वर काही यायचं नाही. लातूर नुकताच जिल्हा झालेला. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या आणि आम्ही पत्रकं वाटत फिरत होतो, ‘पाटी नको, पाणी द्या!’ चळवळीत मी एकच दिशा शिकले होते, पुढे. माय मात्र औशाकडच्या देवीच्या यात्रेला चल म्हणून हटून बसली. तिला दम्याचा त्रास. एकटी कशी सोडू? “पत्रकं वाटायला तरी गर्दी लागतीच की तुला,” म्हणाली. झक मारत गेले.

देवळाचं दुसरं दार कुणा बड्या पाहुण्यासाठी बंद ठेवलेलं. उरलेल्या एका दारातून आत जाणारे आणि बाहेर येणारे एकमेकांत अडकले. मुद्दाम कुणीच ढकलत नव्हतं, तरी मागून लाट यायची आणि पाय जमिनीवरून सुटायचे. मी संतापून ओरडले, “पुढे व्हा, पुढे!” आणि खांदा लावला. माझाच रेटा फिरून मायच्या छातीवर आला. तिचे ओठ निळे पडले. मला रडूही येईना.

शेजारी नारळाची पोती पोचवायला आलेले एक पांढऱ्या दाढीचे हमालचाचा अडकले होते. “हात छातीम्होरं धरा, आक्का,” ते मायला म्हणाले, मग मला, “रेटू नको, बेटी. मोंढ्यात धान्याची पोती उचलण्यात जिंदगी गेली माझी. नरसाळ्यात ज्वारी अडकली अन् वरून दाबली, की अजून घट्ट बसती. वरचा भार हलका कर, आपसूक सुटती. आवाज हाय ना तुजा? मागच्यांला सांग.”

मी मान वळवून घोषणा दिली, “एक पाऊल...” आणि मीच उत्तर दिलं, “मागं!” कुणी उचलली नाही. तिसऱ्यांदा मागून एका बाईचा आवाज आला, मग दहांचा, मग जे मला दिसतही नव्हते त्यांचा. मायच्या छातीपुढे वीतभर जागा झाली. तिनं श्वास ओढला. दाराशी बसलेली गाठ सुटली, माणसं वाहू लागली आणि बाहेर पडणाऱ्यांच्या ओघात आम्ही रस्त्यावर आलो. चाचांचे पाय धरायला वळले, तर ते गर्दीत कुठे गेले कळलंच नाही.

“माय, दर्शन राहिलं गं.”

“झालं की. तुज्या तोंडून ‘मागं’ निघालं! आणिक काय दाखवावं तिनं?”

भांडणं मी सोडलेली नाहीत. पण त्या वीतभर जागेत हवा आली की देवी, यावर मी वाद घालत नाही. माय श्वास घेत होती. मी रस्त्यावरच कळसाकडे तोंड करून हात जोडले, आणि मागायचं काहीच सुचलं नाही.