सरांचे तास असलेला सर्व्हर

चांगलं करायला गेलं की आपल्याच हातून असं का होतं?

बदलापूर गावातल्या आमच्या अभ्यासिकेच्या सर्व्हरवर आमच्या गणिताच्या सरांनी रेकॉर्ड केलेले तास आहेत. सर मागच्या वर्षी वारले. दुसरी प्रत नाही.

आज घरून लॉगिन होईना. कुणी चोरून शिरू नये म्हणून पासवर्डने आत जाणं मीच बंद केलं होतं. त्याऐवजी आत जायची डिजिटल किल्ली, म्हणजे एक छोटी फाइल, फक्त माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती. तो मी कॉलेजला लागलेल्या मामेबहिणीला दिला.

तिला फोन केला. "ताई, तूच तर देताना त्यातलं सगळं उडवून दिलंस, लॅपटॉप नव्यासारखा वाटावा म्हणून!"

सर्व्हर कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, चाबी नहीं तो सर्व्हर पे सब नया डालना पड़ेगा. पुराना सब जाएगा."

दुपारभर जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं. सरांचा एकही तास कुणाकडे नाही.

त्याच सर्व्हरवर होणाऱ्या मुलांच्या सराव परीक्षा अडल्या आहेत. संध्याकाळी मी कंपनीला कळवलं, पुसून टाका.